संज्ञा म्हणजे जाग
(मराठी कथा अभ्यासणाऱ्यांसाठी केलेल्या शब्दपुस्तिकेची प्रस्तावना)

“सर, हे सगळं पोरगं बघतंय, म्हणून जास्त लागतंय. बापानं सांगितलं असतं तर ती तक्रार झाली असती.”

वर्गात भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ वाचून झाली होती. बाजारात टोमॅटोचा भाव कोसळतो, हाती काहीच लागत नाही, आणि बाप स्वतःच्या मळ्यात पिकवलेला माल स्वतःच्या पायांनी तुडवायला लागतो. ज्या मुलीनं वरची दोन वाक्यं उच्चारली, तिच्या घरी भाजीपाल्याची शेती होती. आठवडी बाजार तिला माहीत होता. बोलताना तिचा आवाज जड झाला होता, पण ती कथेतल्या दुःखाबद्दल बोलत नव्हती. कथा कशी सांगितली आहे याबद्दल बोलत होती. समीक्षेच्या पुस्तकांत पानंच्या पानं ज्या मुद्द्यावर खर्ची पडतात, तो तिनं दोन वाक्यांत मांडला होता.

त्याच मुलीनं परीक्षेत या कथेवर लिहिलं: ‘लेखकाचा निवेदनविषयक दृष्टिकोन परिणामकारक असून पात्रचित्रण जिवंत व वातावरणनिर्मिती उत्तम साधली आहे.’

हे वाक्य ‘लाल चिखल’ऐवजी कुठल्याही कथेखाली चिकटवता आलं असतं. वर्गात तिला जे दिसलं होतं ते उत्तरपत्रिकेत नाहीसं झालं, आणि ते नाहीसं करणारे शब्द आम्हीच तिच्या हातात दिले होते. ही पुस्तिका तिथून सुरू झाली. त्या दिवशी वर्गात मी तिला एवढंच म्हणायला हवं होतं, “तू जे पकडलंस ना, त्याला निवेदकाची निवड म्हणतात. आता पुढच्या कथेत तेच शोध.” मी म्हणालो नाही. तास संपत आला होता.

‘संज्ञा’ हा आपल्याकडचा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. पारिभाषिक नाव हा त्याचा एक अर्थ. जाणीव, शुद्ध हा दुसरा. माणूस बेशुद्ध पडला की त्याची संज्ञा हरपली असं आपण म्हणतो. मनात अखंड चाललेल्या जाणिवांचा ओघ जसाच्या तसा मांडणाऱ्या लेखनाला मराठी समीक्षेनं ‘संज्ञाप्रवाह’ हे नाव दिलं, तेही याच दुसऱ्या अर्थावरून. मला हे दोन अर्थ वेगळे वाटत नाहीत. वाचताना जे धूसरपणे जाणवून गेलं, त्याला नाव मिळालं की त्याची शुद्ध येते. पुढच्या वेळी ते ओळखता येतं. नाव मिळालं पण जाग आली नाही, तर तो शब्द नुसता घोकलेला. या पुस्तिकेतली प्रत्येक नोंद लिहिताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारला आहे: हा शब्द हाती असला तर कथेत असं काय दिसेल, जे एरवी नजरेतून सुटलं असतं? ज्या शब्दांपाशी उत्तर सापडलं नाही ते मी गाळले. अशा गाळलेल्या शब्दांत बरेच वजनदार आहेत.

सुरुवात ‘कथा’ या शब्दापासूनच करावी लागते, कारण त्याच्या आसपास शब्दांची दाटी आहे. गोष्ट, कहाणी, आख्यान, दृष्टांत, लघुकथा, नवकथा. यांतला मला सर्वांत जवळचा शब्द ‘गोष्ट’. तो ‘गोष्ठी’वरून आला. गोष्ठी म्हणजे चार माणसं जमून चाललेलं बोलणं. म्हणजे आपल्या भाषेत गोष्ट मुळातच एकट्याची नव्हे. ऐकणारा समोर असल्याशिवाय ती होत नाही. ‘चार गोष्टी सांगतो, ऐक’ म्हणताना आपण तो जुना अर्थ अजून वापरतो. श्रावणातल्या कहाण्या ‘आटपाट नगर’ म्हणताच सुरू होतात आणि साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत आवरतात. आटोपशीरपणा ही कथेची आजची अट नव्हे. व्रताच्या पाटासमोर हातात तांदूळ घेऊन बसलेल्या बायकांना ती ठाऊक होती.

छापखाना आला आणि शब्द बदलले. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यात कादंबऱ्या क्रमशः येत, आणि त्यांच्या सोबतीला येणाऱ्या सुट्या गोष्टींना ‘स्फुट गोष्टी’ म्हणत. दुष्काळानं पोळलेल्या माणसांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांची गोष्ट मराठी कथेची चर्चा करणाऱ्या प्रत्येकाला आजही आधी वाचावी लागते. १८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांचं ‘मनोरंजन’ मासिक निघालं, आणि वि. सी. गुर्जरांच्या काळात ‘संपूर्ण गोष्ट’ हा शब्द रुळला. संपूर्ण, म्हणजे एकाच अंकात पुरी होणारी. पुढच्या महिन्याची वाट पाहायला न लावणारी. तेव्हाच्या वाचकाला हा शब्द साहित्यप्रकार सांगत होता आणि सोयही सांगत होता. ‘लघुकथा’ हा शब्द त्यानंतर रूढ झाला. पुढे तो इतका पक्का बसला की लघु म्हणजे किती लघु यावर वाद झाले. ते वाद मी नोंदीत दोन ओळींत आटोपले आहेत. पानं मोजून कथा कळत नाही, आणि जी. ए. कुलकर्ण्यांची ‘इस्किलार’ किंवा ‘प्रवासी’ वाचलेल्या माणसाला तर लांबीचा नियम सांगायची सोयच उरत नाही.

ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्ये आलं. कथा लिहिण्याचं तंत्र असतं आणि ते समजावून देता येतं, हा विश्वास त्या पुस्तकानं मराठी वाचकाला दिला. आरंभ, गुंतागुंत, निरगाठ, उत्कर्षबिंदू, उकल ही आपल्या पाठ्यपुस्तकांतली नावं त्या काळच्या तंत्रविचारातून घडली. त्यांतला ‘निरगाठ’ मला अजून फार आवडतो. सुरगाठ एका हिसक्यात सुटते. निरगाठ नखं दुखवल्याशिवाय सुटत नाही. कथेतला पेच कसा असावा हे त्या एका घरगुती शब्दानं सांगितलं आहे. पुढच्या पिढीनं फडक्यांचं तंत्र कृत्रिम ठरवलं. त्या टीकेत तथ्य होतं. तरी कथेच्या बांधणीकडे बघायची सवय आपल्याला त्यांनीच लावली, हे ऋण मी इथे मान्य करतो.

बांधणीच्या शब्दांत विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त भुरळ घालतो तो ‘कलाटणी’. शेवटच्या परिच्छेदात सगळं उलटंपालटं झालं की कथा श्रेष्ठ, अशी एक समजूत आहे. मोपासांची १८८४ सालची हिऱ्यांच्या हाराची कथा या समजुतीला दाखला म्हणून दिली जाते. उसना आणलेला हार हरवतो, तसाच दुसरा विकत घेऊन परत केला जातो, त्या कर्जापायी नवराबायकोची दहा वर्षं झिजून जातात, आणि शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता. पण ती कथा दुसऱ्यांदा वाचून पाहा. आता गुपित माहीत आहे, तरी ती कमी होत नाही. ती दहा वर्षं जास्तच जड वाटतात. आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्या कोणाला हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे ठाऊक नसतं? तरी तारामतीपाशी आल्यावर डोळे भरतात. पूर्वरंग ऐकून मन तयार झालेलं असतं, उत्तररंगातलं आख्यान तोंडपाठ असतं, आणि तरीही प्रत्येक वेळी ते नव्यानं लागतं. म्हणून ‘उत्कंठा’ आणि ‘कलाटणी’ या नोंदींना मी कमी जागा दिली आणि ‘पुनर्वाचन’ ही नोंद मुद्दाम घातली, जी सहसा अशा पुस्तकांत नसते.

सर्वांत लांब नोंद ‘निवेदक’ ही आहे. तिच्यावर मी जितके दिवस घालवले तितके उरलेल्या सगळ्या नोंदींवर मिळून घालवले नसतील. कारण आपल्याकडचा गोंधळ इथे सर्वांत मोठा आहे. पहिला गोंधळ शब्दाचाच. ‘दृष्टिकोन’ हा शब्द अभ्यासक्रमात आला तो कथा कोणाच्या नजरेतून सांगितली जाते या अर्थानं. पण रोजच्या मराठीत दृष्टिकोन म्हणजे वृत्ती, मत. ‘सकारात्मक दृष्टिकोन ठेवा’ असं भिंतीवर लिहिलेलं असतं. मग विद्यार्थी कथेतला दृष्टिकोन विचारला की ‘लेखकाचा गरिबांकडे पाहण्याचा दृष्टिकोन सहानुभूतीचा आहे’ असं लिहितो. चूक त्याची नाही. त्यानं शब्दाचा जिवंत अर्थ घेतला. म्हणून या पुस्तिकेत मी सरळ ‘नजर’ हा शब्द वापरला आहे. कथा कोणाच्या नजरेतून? कोणाच्या तोंडून? ही नजर आणि हे तोंड एकाच माणसाचं आहे का? एवढे तीन प्रश्न विचारले की नव्वद टक्के काम होतं, आणि त्यांत एकही अवघड शब्द नाही.

हा प्रश्न पश्चिमेकडून आला असं समजणाऱ्यांसाठी एक जुनी हकिगत नोंदीत दिली आहे. संस्कृत काव्यशास्त्रात भामहानं ‘आख्यायिका’ आणि ‘कथा’ असे दोन प्रकार केले. आख्यायिकेत नायक आपली हकिगत स्वतः सांगतो, कथेत ती दुसरे सांगतात. म्हणजे ‘सांगतो कोण’ या एका गोष्टीवर साहित्याची वाटणी झाली. दंडीनं ‘काव्यादर्शा’त हा भेद उडवून लावला: सांगणारा कोणी का असेना, प्रकार एकच. दोघांतलं कोण बरोबर, यावर वर्गात तासभर चर्चा होऊ शकते आणि मी ती घडवून आणलेली आहे. माझं मत भामहाच्या बाजूला झुकतं. सांगणारा बदलला की कथा बदलते; ‘लाल चिखल’मधल्या पोराच्या जागी बापाला बसवून पाहावं.

दुसरा गोंधळ ‘मी’चा. कथा प्रथमपुरुषी असली की विद्यार्थी ‘लेखक म्हणतात’ अशी सुरुवात करतो. बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ घ्या. १९६३ साली आलेल्या संग्रहाचं नावही हेच आहे. त्यातला ‘मी’ पोटासाठी परगावी रेल्वेत कामाला लागलेला तरुण आहे. या ‘मी’ला बागूल समजलं की आपण कथा वाचत नाही, चौकशी करतो. आणि बारकाईनं पाहिलं तर या कथेत ‘मी’ही दोन आहेत. एक, जो जात लपवण्याचे ते दिवस भोगत होता. दुसरा, जो ते ओलांडून आता सांगतो आहे. ‘चोरली होती’ या क्रियापदातला ‘होती’ त्या दोघांमधलं अंतर धरून ठेवतो. भोगणारा ‘मी’ घाबरलेला आहे. सांगणारा ‘मी’ घाबरलेला नाही. भोगणारा आणि सांगणारा हे जोडनाव मी या पुस्तिकेत वापरलं आहे, कारण ‘आत्मनिवेदनातील द्विस्तरीयता’ असं लिहून कोणाला काही दिसलं असतं असं मला वाटत नाही.

त्या शीर्षकात आणखी एक जागा आहे, तिच्यावर थांबल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. ‘चोरणे’. आपण दुसऱ्याचं चोरतो. पण मराठीत काही चोऱ्या स्वतःच्याच असतात. माणूस अंग चोरून बसतो, नजर चोरतो. तिथे चोरणं म्हणजे स्वतःचं असलेलं झाकणं, आखडून घेणं, कमी जागा व्यापणं. ‘जात चोरणं’ हे त्याच घरातलं. जे माझं आहे ते मी लपवतो, आणि तरी गुन्हेगार मीच ठरतो. हा सगळा अन्याय बागुलांनी एका रुळलेल्या क्रियापदातून उभा केला. ‘शीर्षक’ ही नोंद त्यामुळे चार पानांची झाली. ती कमी करा असं मला सुचवलं गेलं होतं. मी केली नाही.

आता अशा एका शब्दाबद्दल, ज्यानं मला स्वतःला बरीच वर्षं चुकीच्या वाटेनं नेलं. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातलं सोनं’मधला भीमा मुंबईच्या कडेला खाणीत काम करतो. खाण बंद पडते. उपाशी पोटी हिंडताना त्याला मसणवटीच्या राखेत सोनं सापडतं, आणि मग तो प्रेतांच्या अंगावरचं सोनं काढून घर चालवतो. एका रात्री उकरलेल्या प्रेतापाशी कोल्ह्यांशी झुंज होते, त्याची बोटं प्रेताच्या जबड्यात अडकतात आणि शेवटी ती गमवावी लागतात. त्यानंतर बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. दगड फोडणारी बोटं सोन्यानं खाल्ली.

याला आपल्याकडे तयार शब्द आहे: दैवदुर्विलास. मी कित्येक वर्षं तोच शिकवला. नेमका, सुंदर, संस्कृताच्या वळणाचा शब्द. मग एकदा एका विद्यार्थ्यानं विचारलं, “सर, खाण दैवानं बंद केली का?” वर्ग शांत झाला. खाण कुठल्याही ग्रहामुळे बंद झाली नव्हती. ती माणसांनी बंद केली आणि माणसांनी सुरू केली, आणि त्या दोन निर्णयांमध्ये भीमाची बोटं गेली. ‘दैवदुर्विलास’ म्हटल्याबरोबर आपण ते निर्णय घेणाऱ्यांना कथेबाहेर जाऊ देतो. अण्णा भाऊंसारख्या कामगारांमध्ये वाढलेल्या, शाहिरी करणाऱ्या लेखकाच्या कथेवर हा शब्द लादणं म्हणजे त्यांनी नाव न घेता ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याला सोडून देणं. संज्ञा निरुपद्रवी नसतात, हे मी त्या दिवशी शिकलो. आता पुस्तिकेत तिथे ‘परिस्थितीचा उपरोध’ अशी नोंद आहे आणि ‘दैवदुर्विलास’ तिच्या पोटात, हा प्रश्न सोबत ठेवून: इथे दैव कोण?

‘उपरोध’ हाही सोपा शब्द नाही. बोलण्यातला टोमणा आणि घटनेतला विपर्यास, दोन्हींना आपण तोच शब्द लावतो. कुंतकाच्या ‘वक्रोक्तिजीवित’मधली ‘वक्रता’ याहून फार मोठी कल्पना आहे. सगळ्या काव्याचा प्राणच त्यानं त्या वळणात पाहिला. तिला उपरोधाच्या खणात कोंबू नये एवढं सांगून ती नोंद मी थांबवली आहे.

संस्कृत परंपरेतला जो शब्द कथेच्या अभ्यासात रोज उपयोगी पडतो तो ‘व्यंजना’, म्हणजे थेट न सांगता सुचवणं. नवव्या शतकात आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त जे मांडलं ते कवितेपुरतं ठेवायचं कारण नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘धर्मा रामोशी’ पाहा. १९४९ च्या ‘माणदेशी माणसं’ या पुस्तकातली. धर्माच्या अंगावर धड कापड नाही म्हणून त्याला जुनं धोतर दिलं जातं. पण ते त्याच्या अंगावर दिसतच नाही. पुढे उलगडतं की ते त्याच्या वयात आलेल्या लेकीनं नेसलं आहे. बापानं काय केलं हे कोणी वर्णन करून सांगत नाही, दारिद्र्यावर कोणी भाष्य करत नाही. एक धोतर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेलं, एवढंच. बाकीचं सगळं वाचकाच्या मनात वाजतं. ‘लेखकाने दारिद्र्याचे विदारक चित्र रेखाटले आहे’ असं जेव्हा उत्तरात येतं तेव्हा मला वाईट वाटतं, कारण विदारक चित्र रेखाटण्याचा मोह टाळला हेच तर त्या कथेचं मोठेपण. व्यंजना हा शब्द कळला तर विद्यार्थी धोतराबद्दल लिहील. त्यानं धोतराबद्दल लिहावं एवढीच माझी अपेक्षा आहे.

धोतर हे प्रतीक आहे का? असा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर: नाही, ते धोतर आहे. प्रतीक, प्रतिमा, रूपक, दृष्टांत या शब्दांची आपल्याकडे अशी सरमिसळ झाली आहे की कथेतली वस्तू वस्तू म्हणून राहायलाच तयार नसते. इथे मला आपल्या जुन्या मराठीचा आधार वाटतो. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त केशिराजांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत मांडले, आणि त्याची रचना तीन भागांची आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सिद्धान्तवचन, दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीचा सूत्राशी लावून दाखवलेला मेळ. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट तिथेही आहे. सात शतकांपूर्वी मराठीत गोष्ट आणि गोष्टीचा अर्थ यांना दोन वेगळी नावं होती, ही जाण केवढी मोठी! या तीन शब्दांनी पुढची कितीतरी कथा समजावता येते. खांडेकरांच्या रूपककथेत दार्ष्टांतिक वाचकानं लावायचा असतो, पण तो लागतोच. लेखकानं वाट आखून ठेवलेली असते. जी. एं.च्या १९७५ मधल्या ‘रमलखुणा’त शिरलं की दृष्टांताचं सगळं रूप समोर असतं, नाव नसलेले प्रदेश, वाटसरू, भाकितं, आणि दार्ष्टांतिकाची जागा मोकळी असते. तिथे तात्पर्य विचारणाऱ्या मुलाला मी सांगतो, “ती मोकळी जागा लेखकाकडून राहून गेलेली नाही. तिथे काही वेळ उभा राहा.” तीन जुन्या शब्दांनी जे काम केलं ते ‘प्रतीकात्मक’ या एका शब्दानं कधी केलं नव्हतं.

उलटही घडतं, म्हणजे जवळचाच शब्द फसवतो. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वं आहेत. तिथला ‘संवाद’ म्हणजे सुसंगती, मेळ. पात्रांचं बोलणं नव्हे. मर्ढेकर वाचून ‘या कथेत संवादलय आहे कारण पात्रं भरपूर बोलतात’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. पुस्तिकेत दोन्ही अर्थ वेगळे केले आहेत. पात्रांच्या बोलण्याविषयीच्या नोंदीत शंकर पाटलांची ‘धिंड’ आहे. बोली ही शोभेची झालर नसते, माणसाचा विचारच त्या वळणानं चालतो, हे त्यांच्या कथांइतकं स्पष्ट क्वचित दिसतं. ती कथा मोठ्यानं वाचावी.

ग्रामीण कथा, दलित कथा, स्त्रीवादी कथा, नवकथा ही नावं कथांच्या गटांची आहेत, आणि त्यांचा इतिहास सन्मानाचा आहे. ‘दलित’ हा शब्द साहित्याला लावला गेला त्यामागे एक लढा होता, तो पुसून टाकायचा नाही. ‘नवकथे’नंही दुसऱ्या महायुद्धानंतरचं विस्कटलेलं मन मराठीत आणलं, गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर ही चार नावं एकत्र घेतली जातात ती उगाच नव्हे. पण ज्या कथेवर असं नाव चिकटलं ती वाचण्याआधीच वाचलेली असते, असा अनुभव आहे. बागूल ‘दलित कथा’ या प्रश्नाखाली येतात आणि मग त्यांच्या निवेदनाबद्दल, क्रियापदांबद्दल कोणी काही विचारत नाही. ‘स्त्रीवादी कथा’ या नावाखाली कमल देसायांचंही तेच होतं. गटाचं नाव कपाटावर शोभतं. कथा उघडल्यावर ते बाजूला ठेवावं.

राहता राहिला ‘अभिजात’. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि हा शब्द घरोघरी पोचला. तिथे त्याचा संबंध भाषेच्या प्राचीनतेशी आणि जुन्या वाङ्मयाशी आहे. कथेला अभिजात म्हणताना आपण वेगळं काही म्हणतो: काळ बदलला, पुन्हा वाचली, आणि ती पुन्हा नवी निघाली. शब्दाचा मूळ अर्थ मात्र कुलीन, उत्तम कुळात जन्मलेला. त्यातला ‘जात’ जन्माचा आहे, आणि आपली जातही त्याच धातूतून आली. ज्या भाषेत अण्णा भाऊ आणि बागूल यांनी आपली श्रेष्ठ कथा लिहिली, त्या भाषेत श्रेष्ठतेचं नाव जन्मावरून पडलेलं असावं, हे मला बोचतं. दुसरा रुळलेला शब्द मिळाला नाही म्हणून तोच ठेवला. नोंदीत त्याचा मूळ अर्थ ठळक छापला आहे.

या पुस्तिकेत कथा दिलेल्या नाहीत, त्यांचे उतारेही नाहीत. हे ठरवून केलं. उतारा हाताशी असला की मूळ कथा शोधायला कोणी जात नाही. मात्र प्रत्येक नोंदीच्या शेवटी एका कथेचं नाव आहे. ‘माणदेशी माणसं’, ‘रमलखुणा’, बागुलांचा संग्रह ही पुस्तकं अनेक वाचनालयांत मिळतात. नसतील तर मागणी नोंदवा. ग्रंथपालांना अशा मागणीचा आनंदच होतो.

वापरण्याचा क्रम उलटा ठेवा. आधी कथा वाचा, पूर्ण, मध्ये न थांबता. मग जिथे काही लागलं असेल त्या जागेवर परत या, आणि काय लागलं ते आपल्या शब्दांत वहीत एका ओळीत लिहा. ‘हे सगळं पोरगं बघतंय’ इतकं साधं चालेल. त्यानंतर पुस्तिका उघडा आणि त्या ओळीला इथे नाव मिळतं का ते पाहा. मिळालं तर तुमच्या ओळीशेजारी ते लिहा, तिच्या जागी नको. परीक्षेत दोन्ही लिहा. मी तपासलेल्या उत्तरपत्रिकांत अशी ओळ जेव्हा जेव्हा सापडली तेव्हा मी पूर्ण गुण दिले आहेत. नाव मिळालं नाही तर ती ओळ तशीच ठेवा आणि मला कळवा. या आवृत्तीतल्या अकरा नोंदी अशाच वह्यांतून आल्या आहेत, आणि ‘नजर’ ही त्यांतली पहिली.